वाढदिवसाच्या गोलात फेन्नाच्या फेऱ्या

जगातल्या बहुतेक सगळ्या दुःखांचं मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे साचणं. पाणी साचलं की कुजतं, राग साचला की संसार नासतो, रक्त साचलं की माणूस जातो. ज्याला हे उमगलं त्याला आयुष्य उमगलं. हे महान सत्य मला एका सकाळी पलंगाच्या कडेला गुडघे टेकून बसलो असताना सुचलं. ते मी मोठ्याने बोलूनही दाखवणार होतो. पण बायकोच्या पायात चढवत असलेला घट्ट मोजा नेमका तेव्हाच माझ्या बोटांतून निसटला आणि सणकन माझ्या नाकावर बसला.

"टाच पुढे आलीय," फेन्ना वरून म्हणाली. "उलटा घालतोयस."

मी मेन्नो. आमचा मुलूख समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. तिथलं पाणी पंपाने उपसायचं, कालव्यांतून वाहतं ठेवायचं आणि समुद्राला परत द्यायचं, असं काम करणारं एक खातं आहे. त्या खात्यात मी निवृत्त होईपर्यंत होतो. आम्ही नसतो तर आमचं गाव माशांचं असतं. सांगायचा मुद्दा असा, की वाहतं ठेवणं या विषयात मला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. त्यामुळे फेन्नाच्या पायांची जबाबदारी डॉक्टरांनी माझ्यावर टाकली तेव्हा मला अजिबात दडपण आलं नाही. एक पंपघर सांभाळलं काय आणि दोन पिंडऱ्या सांभाळल्या काय.

झालं होतं असं. फेन्नाला साखरेचा आजार निघाला, तशी तिने पाव कमी केला, बटाटा कमी केला आणि रोज सकाळी तलावात पोहायला जाऊ लागली. दोन वर्षांत ती अर्धी झाली. कातडीला मात्र ही बातमी कुणी कळवली नव्हती. पोटावर ती रिकाम्या पोत्यासारखी लोंबत राहिली. उन्हाळ्यात घडीच्या आत घामाने चट्टे उठायचे, आणि पोहण्याचा पोशाख घातला की ती टॉवेल शेवटच्या पायरीपर्यंत सोडायची नाही. एका दुपारी वाटाण्याचं सूप वाढता वाढता तिने सांगितलं, की ती हे काढून घेणार आहे. मी म्हणालो, मला आवडतं ते.

"मग काढल्यावर तुला देते," ती म्हणाली आणि सूप प्यायला बसली.

शहरातल्या डॉक्टर ओल्थोफबाई पोटाबद्दल थोडं बोलल्या आणि पायांबद्दल फार. पोट माझ्यावर सोडा, म्हणाल्या, पोट मी रोज शिवते. मला झोप येत नाही ती पायांमुळे. पोट आवळून शिवलं की पायांतून वर येणाऱ्या रक्ताची वाट अडते. माणूस दुखतं म्हणून हलत नाही. रक्त पिंडरीत रेंगाळतं, तिथे गुठळी धरते आणि एक दिवस ती सुटून फुप्फुसात जाऊन बसते. म्हणून रोज संध्याकाळी मांडीत रक्त पातळ ठेवणारी सुई, दिवसरात्र घट्ट मोजे, भरपूर पाणी, आणि जागं असेपर्यंत दर तासाला उठून चालायचं. बसल्याबसल्या पावलं वरखाली करायची. एकच पिंडरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा दम लागला, तर मला फोन करत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

मी हे सगळं ऐकून मान डोलावत होतो, कारण कालव्याच्या गाळाबद्दल मी नव्या पोरांना अगदी हेच सांगायचो. फेन्ना मात्र खिडकीबाहेर बघत होती. तिची आई पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गेली. त्या काळी चांगल्या रुग्णाने पडून राहायचं अशी पद्धत होती, आणि आई फार चांगली रुग्ण होती. फेन्ना आणि तिची धाकटी बहीण रुल्फीन तेव्हा शाळेत होत्या. दोघी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या आणि आई उठू लागली की नर्सने शिकवल्याप्रमाणे तिला म्हणायच्या, हलू नकोस. घरी सोडायच्या दिवशी आई उठली, खिडकीपाशी गेली आणि पडली. त्यामुळे डॉक्टरबाईंचं बोलणं माझ्यासाठी खात्यातलं होतं आणि फेन्नासाठी घरातलं.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मी करणार आहे. पण तू मला बसू द्यायचं नाहीस. मी रडले तरी."

"तू रडलीस तर चालत रड," मी म्हणालो.

आणि मी शब्द पाळला. ऑपरेशन झाल्याच्या संध्याकाळीच तिला उभं केलं. पोट आवळलेलं असल्यामुळे ती पुढे वाकून, हरवलेली टाचणी शोधावी तशी चालत होती. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ कामाला लावलं. ते कोंबडीच्या आकाराचं आहे. तासाला कोंबडी ओरडली की फेन्ना पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निघायची. आमच्याकडे खिडक्यांचे पडदे कुणी ओढत नाही. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने पडदे कशाला ओढायचे, असा सगळ्या गल्लीचा विचार आहे, आणि ज्याच्याकडे आहे त्याची तर सोयच नाही. समोरचा शेजारी आपल्या खुर्चीतून दर तासाला हात वर करायचा. शेवटी त्याने मला फाटकापाशी गाठून विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो, शोधतोय. तो म्हणाला, पडद्यामागे बघा.

कारण ऑपरेशनचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गावात माणसाने किती वर डोकं काढायचं याची उंची ठरलेली आहे. नोटरीच्या बायकोने पापण्या शिवून घेतल्या त्याला तीन वर्षं झाली, आणि रुल्फीन अजून दर भेटीत सांगते, की ती बिचारी आता डोळे उघडे ठेवून झोपते. फेन्ना बारीक झाली तेव्हाही रुल्फीनने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणतात, पसरलाय का. अशा बहिणीला पोटाचं सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला कानात सांगण्यासारखं होतं. म्हणून गावाच्या लेखी आम्ही बेटावर पंधरा दिवस सुट्टीला गेलो होतो. वाऱ्याविरुद्ध सायकल मारल्याने फेन्नाची पाठ धरली होती. समोरच्या शेजाऱ्याने आम्हाला घरात पाहिलं होतं, पण त्याचं रुल्फीनशी जुनं भांडण असल्यामुळे ही थाप टिकली.

सगळं यथास्थित चाललं होतं आणि मध्येच फेन्नाच्या बाबांना नव्वद वर्षं पूर्ण झाली.

या वाढदिवसाला न जाण्याचं एकच कारण चालतं, स्वतःचं मरण, आणि तेही आधी कळवावं लागतं. बाबा रुल्फीनकडेच राहतात. तिने चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणून पुढच्या खोलीत गोल मांडला होता. बाहेरच्या माणसाला या गोलाची भीती समजणार नाही. आत शिरायचं, बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं: रुल्फीन, बाबांबद्दल अभिनंदन, एप्पो, सासऱ्यांबद्दल अभिनंदन, शेजाऱ्याचंसुद्धा, शेजाऱ्याबद्दल. मग रिकाम्या खुर्चीत बसायचं. एकदा बसलं की बसलं. कॉफी येते, केकचा एक तुकडा येतो, दुसरी कॉफी येते, बऱ्याच वेळाने लिव्हर सॉसेज, चीजचे चौकोन आणि ते बुडवायला वाटलेली मोहरी येते, बायकांना अंड्याची दारू आणि वर क्रीम. सगळं फिरतं, माणूस फिरत नाही. उठते ती फक्त घरची बाई. दुपारी बसलेली माणसं अंधार पडल्यावर उठतात, आणि या सगळ्याला आमच्याकडे मजा आली असं म्हणतात.

म्हणजे रक्त साचवायचं असेल तर याहून चांगली व्यवस्था जगात नाही.

गाडीत मी फेन्नाला धीर दिला. म्हटलं, माझ्याकडे योजना आहे. पहिल्या तासाला तू बाथरूमला जायचं.

"आणि दुसऱ्या?"

दुसऱ्या तासाचं मी तिथे गेल्यावर बघणार होतो. आयत्या वेळी सुचणं हा माझा गुण खात्यातही नावाजला गेला होता.

पाठीचं कारण सांगताच रुल्फीनने तिला सरळ पाठीची खुर्ची दिली आणि मागे उशी कोंबली. दुखऱ्या पाठीने गप्प बसावं, अशा मताची ती आहे. खरं तर कुठल्याही दुखऱ्या अवयवाने. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं म्हणायची सोय नव्हती, कारण गोलात बरोबर समोर वुब्बीना बसली होती. फेन्ना आणि रुल्फीनची ही चुलत बहीण गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलाशी बसते. गावात कुणाला काय झालंय हे त्या माणसाच्या आधी तिला कळतं. कुठले डॉक्टर, असं तिने फक्त विचारायचा अवकाश होता.

पहिल्या तासाला फेन्ना बाथरूमला गेली. रुल्फीनचं बाथरूम दारालगत आहे आणि इतकं चिंचोळं, की आत वळता येतं, चालता येत नाही. भिंतीवर साऱ्या नातेवाइकांच्या जन्मतारखांचं कॅलेंडर आहे. फेन्ना त्यातले सगळे महिने वाचून परत आली. गोलाने तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा गेली तर रुल्फीन मूत्राशयाचा विषय सर्वांसमोर काढेल, हे दोघांनाही दिसत होतं. फेन्ना बसल्याबसल्या पावलं वरखाली करू लागली. आमच्या गोलात मध्ये टेबल नसतं, तेव्हा सगळ्यांची पावलं सगळ्यांना दिसतात.

"गाणं चाललंय वाटतं मनात," वुब्बीना म्हणाली.

आणि तेव्हाच मला दुसऱ्या तासाचं सुचलं. मी फेन्नाच्या कानात सांगितलं: अभिनंदन कर. पुन्हा. सगळ्यांचं. संपूर्ण गोल, एकेकाचा हात धरून, सावकाश. डॉक्टरबाईंना हवं तेवढं चालणं त्यात आपोआप होतं, आणि अभिनंदनाला नाही म्हणणारा माणूस आमच्या प्रांतात जन्मलेला नाही. पद्धतीत राहून पद्धत मोडायची. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी चीजचा एक चौकोन जास्तीचा घेतला.

फेन्ना उठली आणि नुकतीच दारातून आल्यासारखी निघाली. एप्पो, सासऱ्यांबद्दल अभिनंदन. वुब्बीना, काकांबद्दल अभिनंदन. माणसं गोंधळली, पण हात पुढे झाले. बाबांनी तर दोन्ही हात धरले आणि आलीस का, म्हणाले. ती परत येऊन बसली तेव्हा गालांवर रंग होता. मी डोळा मारला.

पुढच्या तासाला तिने पुन्हा फेरी मारली. या वेळी हात पुढे झाले ते जरा हळू. जिच्यापाशी ती जायची ती बाई तिच्याशी मोठ्याने आणि सुटं सुटं बोलू लागली. "हो गं फेन्ना. बाबांचा. वाढदिवस. आहे." माझ्या शेजारच्याने खुर्ची जवळ ओढून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मला वाटलं प्यायलाय.

मग रुल्फीनने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचे डोळे लाल होते. रुल्फीनला मी लग्नात रडताना पाहिलेलं नाही, अंत्यविधीत पाहिलेलं नाही. तिने दार लावलं आणि विचारलं, फेन्ना कधीपासून विसरतेय.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खरं सांगतो, दुसऱ्याच क्षणी मला ती चांगली संधी वाटली. ज्या बाईला काही आठवत नाही तिने घरभर हिंडलं तर कोण विचारणार आहे? विस्मरणाच्या आजाराची माणसं हिंडतातच. मी मान खाली घातली आणि म्हणालो, अलीकडे थोडं. रुल्फीनने मला मिठी मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिला सगळं आधीच कळलं होतं, ती म्हणाली; एवढी बारीक होणं, ते वाकून चालणं, ती पावलं. फक्त मी एकटा सोसतोय हे तिला माहीत नव्हतं. तू आता काही करायचं नाहीस, म्हणाली. आता मी आहे.

रुल्फीन असणं म्हणजे काय असतं याचा विचार मी करायला हवा होता.

मी बाहेर येईपर्यंत फेन्नाची रवानगी बाबांच्या खुर्चीत झाली होती. ती विजेवर चालणारी आरामखुर्ची आहे. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि माणूस अर्धा आडवा होतो; दुसरं बटण दाबलं की ती माणसाला उचलून उभं करते. बाबांना वाढदिवसाचा मान म्हणून चर्चच्या लाकडी खुर्चीत बसवलं होतं. फेन्नाच्या अंगावर लोकरीची शाल, पाय हवेत, आणि रिमोट रुल्फीनच्या ॲप्रनच्या खिशात. पोटाचे स्नायू शिवलेल्या बाईला अशा खुर्चीतून स्वतःहून उठता येत नाही. उताणं पडलेलं कासव आणि तिच्यात फरक एवढाच, की कासवाला कुणी शाल घालत नाही.

फेन्नाने माझ्याकडे पाहिलं. काय सांगितलंस तू त्यांना, असं ती नजर विचारत होती. मी खांदे उडवले, ज्याचा अर्थ तिला तीस सेकंदांत कळला.

वुब्बीनाने खुर्ची जवळ ओढून दवाखान्यात विचारतात ते प्रश्न सुरू केले. आज कुठला वार, हे कुठलं वर्ष, आपण कुठल्या गावात आहोत. फेन्नाने सगळी उत्तरं बरोबर दिली, आणि शेवटी वुब्बीनाचं लग्न किती वेळा पुढे ढकललं गेलं तेही सांगितलं. वुब्बीनाने रुल्फीनकडे पाहून हळूच मान हलवली. "चांगले दिवसही असतात," ती म्हणाली. "आणि माणूस तिरसट होतो."

आता मात्र तास भरत आला होता. मी रुल्फीनला म्हटलं, रिमोट दे, हिला जरा फिरवून आणतो. तिने मला खुर्चीत बसवलं. मेन्नो, तू थकलायस, म्हणाली. एप्पोने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझ्या हातात जिनचा पेला दिला आणि माझ्या शेजारी, दाराच्या बाजूने बसला. मी उठलो की तोही उठायचा. भला माणूस आहे, अडवायचा म्हणून नव्हे, सोबत म्हणून. मी गाडीत औषध राहिलंय म्हटलं, तर तो आणायला निघाला. मी फेन्नाला मोकळ्या हवेची गरज आहे म्हटलं, तर रुल्फीनने खिडकी उघडली आणि शाल आणखी वर ओढली.

तास उलटून गेला. पुढचाही निम्मा गेला असेल. केक खाल्लेला, चीज खाल्लेलं, सगळे लोक आवाज खाली ठेवून बोलत होते, आणि मध्यभागी माझी बायको पंप बंद पडलेल्या कालव्यासारखी पडून होती. ही उपमा मला तेव्हा सुचली आणि अजिबात आवडली नाही. सगळी वर्षं मी पाण्याच्या पातळीकडे बघत आलो. पातळी चढताना आवाज होत नाही. फेन्नाने एक हात शालीखाली घातला आणि डावी पिंडरी चाचपली. मग उजवी. मग पुन्हा डावी. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

मी तिला शब्द दिला होता, की बसू देणार नाही. आणि पोटाचं कुणाला सांगणार नाही, असाही दिला होता. दोन्ही शब्द एकमेकांवर बसले होते आणि मी हातात जिन घेऊन त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी मी पेला खाली ठेवला आणि उभा राहिलो. काय बोलायचं ठरलं नव्हतं, पण बोलायचं नक्की ठरलं होतं. तोंड उघडणार एवढ्यात फेन्नाने शालीखाली पावलं हलवायला सुरुवात केली, वर, खाली, वर, खाली, जोरात, आणि वुब्बीनाने वाकून तिची दोन्ही पावलं मायेने हातांत धरली.

"शांत," वुब्बीना म्हणाली. "हलू नकोस."

फेन्नाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मी जागच्या जागी थांबलो, कारण आता माझी गरज राहिली नव्हती.

"पाय सोड," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "रुल्फीन, रिमोट दे."

"पड गं जरा. तुला आठवत नाही, पण तू..."

"मला सगळं आठवतं. मी पोट काढून घेतलंय."



"कुठलं पोट?" बाबांनी विचारलं.

"हे बाबा, लोंबत होतं ते. शहरात जाऊन कापून घेतलं. दुखत होतं म्हणूनही, पण मुख्य म्हणजे छान दिसावं म्हणून. बेटावर आम्ही गेलोच नव्हतो." मग ती बहिणीकडे वळली. "मला दर तासाला चालायचंय, रुल्फीन. नाहीतर पायात गुठळी होते. आईला झाली तशी. आपण दोघी तिच्या पायथ्याशी उभ्या होतो, आठवतं ना तुला? तिला काय सांगत होतो आपण?"

रुल्फीनचा चेहरा पांढरा पडला. वुब्बीनाने पावलं सोडली आणि हात मांडीखाली घेतले, जणू ते कुणी पाहू नयेत. रुल्फीनने खिशातून रिमोट काढला आणि दाबला. खुर्ची आणखी मागे गेली. पुन्हा दाबला, तशी ती थरथरू लागली. बाबांच्या पाठीसाठी तशी सोय होती.  एप्पोने उठून तिच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि योग्य बटण दाबलं.

ती खुर्ची घाईत कधीच नसते. घूं असा आवाज करत तिने आधी फेन्नाचे पाय खाली आणले, मग पाठ वर आणली, मग तिला अख्खी पुढे कलती करून हळूहळू उचललं. चौकातल्या पुतळ्याचं अनावरण करावं तशी माझी बायको सगळ्या गोलासमोर वर वर येत गेली. शाल घसरून पडली.  खिडकीबाहेरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने वेग कमी केला.

रुल्फीन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने फेन्नाची विजार वर सरकवली आणि मोज्यावरून एक पिंडरी दाबली, मग दुसरी, मग दोन्ही एकदम, बाजारात नासपती बघतात तशी.

"दुखतं?"

"नाही."

"दम लागतोय?"

"राग आलाय. तो दम वेगळा."

"दोन्ही सारख्याच आहेत," रुल्फीन म्हणाली. तरी तिने हात काढले नाहीत. ती तशीच खाली बसून राहिली, आणि फेन्नाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी जिनचा पेला उचलला, कारण अशा वेळी पुरुषाने कुठे बघायचं हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही.

थोड्या वेळाने रुल्फीन एप्पोचा हात धरून उठली, नाक पुसलं, ॲप्रन सरळ केला.

"मी तुझ्या डोक्यासाठी स्वयंपाकघरात रडले," ती म्हणाली. "आणि ते तर जसं होतं तसंच आहे."

"पोटासाठी रडायचं असेल तर रड."

"दाखवशील तेव्हा ठरवते." मग ती माझ्याकडे वळली. त्या नजरेतून मी कसा वाचलो हे मला आजही माहीत नाही. "आणि तू. अलीकडे थोडं, काय?" एवढं बोलून तिने मला सोडलं, कारण तिला त्याहून मोठं काम होतं. तिने गोलाकडे पाहून टाळी वाजवली आणि सगळ्यांना खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या. आमच्या गावात, माझ्या माहितीत, वाढदिवसाचा गोल अंधार पडण्याआधी कधी मोडला नव्हता. खुर्च्या करकरत मागे गेल्या. माणसं हातात बशा घेऊन, पाय आत ओढून, भिंतीलगत दाटीने बसली, आणि खोलीच्या मधोमध एक रस्ता तयार झाला.

फेन्ना निघाली. थोडी वाकलेली, पण लपवण्यासारखं काही उरलं नसल्यामुळे आधीपेक्षा पुष्कळ सरळ. रुल्फीन तिच्या कोपराखाली हात धरून बरोबर चालत होती आणि नोटरीच्या बायकोला कुठल्या डॉक्टरने शिवलं होतं याची चौकशी करत होती. वुब्बीना म्हणाली, की आपण हे दवाखान्यात कुणालाच सांगणार नाही, आणि तिने ते इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी उद्या सकाळी गावभर पोचेल असा हिशेब केला. फेन्नाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती खिडकीपाशी पोचली, क्षणभर बाहेर बघत उभी राहिली आणि वळली. सारी खोली तिच्याकडे बघत होती. कुणीतरी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, आणि त्या खोलीत तो अधिकार एकाच माणसाचा होता. बाबांनी घसा साफ केला. त्यांनी काठी रोवली, जरा पुढे वाकले, आणि सगळे थांबले.

"फेन्ना," बाबा म्हणाले, "उभीच आहेस, तर तेवढी मोहरी इकडे दे."